बंदिवानाची मिठाई

संभाजीराजांचे पुत्र शाहूराजे १६८९ साली रायगड पडला तेव्हा मोगलांच्या हाती लागले. त्या वेळी ते सात वर्षांचे होते. १७०७ साली सुटका होईपर्यंत त्यांचे सारे बालपण आणि तारुण्याचा आरंभ औरंगजेबाच्या फिरत्या छावणीत गेला. त्या काळातील एक लहानशी वार्ता मोगल दरबारच्या अखबारांत नोंदलेली असून जदुनाथ सरकारांनी ती आपल्या औरंगजेबाच्या इतिहासात घेतली आहे. बादशहाच्या कानावर असे घालण्यात आले की, शाहू शिजविलेले अन्न घेत नाही. मिठाई, फळे अशा वस्तूंवरच दिवस काढतो. बंदिवासात असलेल्या हिंदूने शिजविलेले अन्न खाऊ नये असा आचार आहे आणि तो स्वतःला बंदिवान समजतो, हे त्याचे कारण. ह्यावर बादशहाने उलट निरोप धाडला तो असा की, तू कैदेत नाहीस, आपल्या घरीच आहेस, जेवत जा.

ही गोष्ट मी वर्गात पुष्कळ वर्षे सांगत आलो. एका मानी तरुणाने आपला कैदीपणा न बोलता जगासमोर कसा मांडला, ह्याचे उदाहरण म्हणून मी ती सांगे. आजही तिचा खरा अर्थ तोच आहे असे मी मानतो. शाहूराजांनी मिठाई खाल्ली ती आचार म्हणून. त्यांच्या मनात त्या वेळी काय चालले होते हे अखबारनवीसाने लिहिलेले नाही, आणि जे त्याने लिहिले नाही ते त्याच्या तोंडी घालण्याचा इतिहासाच्या अध्यापकाला अधिकार नाही. परंतु वाचकांनी क्षमा करावी, गेल्या तीन वर्षांत ह्या गोष्टीतील एक शब्द माझ्या मनात निराळ्याच रीतीने घोळत राहिला आहे. तो शब्द म्हणजे मिठाई.

तीन वर्षांपूर्वी माझी पत्नी वारली. मुलगी दूरदेशी संसारात पडलेली. सांगलीच्या घरात मी एकटा राहिलो. दिवस कॉलेजात निघून जाई. रात्र मात्र जाता जात नसे. माझे मूळ घर साताऱ्याचे, म्हणून तिकडून येणारे कोणी ना कोणी कंदी पेढ्यांचा पुडा आणीत असे. पुढे पुढे मीच सांगून आणवू लागलो. भाजलेल्या खव्याचा तो खरपूस पेढा जिभेवर असेपर्यंत छातीवरचे ओझे कोणी क्षणभर उचलून धरल्यासारखे वाटे. अर्ध्या तासाने ओझे पूर्वीच्या जागी येई आणि त्यावर लाजेचा एक थर चढे. मग दुसरा पेढा. उत्तरपत्रिका तपासता तपासता पाव किलोचा पुडा केव्हा संपे ते कळत नसे. दिवाळीनंतर धाकटी बहीण साताऱ्याहून चार दिवस राहावयास आली. कपाट झाडताना रियासतीच्या खंडांमागे तिला रिकाम्या खोक्यांची चळत सापडली. आता ही रागावणार म्हणून मी मान खाली घातली. ती एवढेच म्हणाली, "दादा, हे सगळे तू एकट्याने खाल्लेस?"

तिचा जोर "सगळे" ह्या शब्दावर नव्हता. "एकट्याने" ह्या शब्दावर होता. आमच्या आजीच्या काळातील कोणत्याही बाईने हाच प्रश्न ह्याच जोराने विचारला असता. मनुष्याने दुःखात गोड खावे, तेही एकट्याने, रात्री, दार लावून, ही कल्पनाच त्या पिढीला परकी होती. ही गोष्ट शक्य केव्हा झाली आणि कशामुळे, ह्याचा शोध मी आपल्या सवयीप्रमाणे इतिहासात घेऊ लागलो. त्या शोधातून हाती लागले ते येथे मांडीत आहे.

आपल्या समाजात गोडाला तिथी होती आणि पंगत होती. पाडव्याला कडुनिंबाच्या पानाबरोबर गूळ आणि मुलांच्या गळ्यात साखरगाठी, संक्रांतीस तिळगूळ, होळीस पुरणपोळी. मुलगा झाला की साखर वाटावयाची, लग्न ठरले की साखरपुडा. दारी आलेल्या वाटसरूस गूळ-पाणी. ह्या यादीत एकही प्रसंग असा नाही की ज्यात देणारा एक आणि घेणारा दुसरा नाही. गोड ही स्वतः घेण्याची वस्तू नव्हतीच मुळी; ती कोणी तरी हातावर ठेवावयाची वस्तू होती.

आणि दुःखाच्या प्रसंगी? तेथे शास्त्रापेक्षाही रूढी कडक होती. सुतकात घरात गोड शिजत नसे. तेराव्याला किंवा त्यानंतर आप्त येत, दुखवटा आणीत आणि आग्रहाने तोंड गोड करीत. वर्षातला पहिला सण सोयरे येऊन साजरा करवून घेत. ह्या रूढीत जाच होता, विधवेच्या वाट्याला तर तो फारच होता. तिचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. परंतु तिच्या पोटात मनुष्यस्वभावाचे एक ज्ञान दडलेले होते. दुःखी माणसाला गोडाची ओढ लागते हे तिला ठाऊक असावे, म्हणून तर ती गोड आधी काढून घेई आणि मग परत देई. आणि परत देताना ते नेहमी दुसऱ्याच्या हाताने देई.

ह्या शहाणपणाला दारिद्र्याचाही हातभार होता हे मान्य केले पाहिजे. कृष्णाकाठी ऊस जुना आहे. पण चरक लाकडी, विहिरीची मोट, बैलांचे बळ तेवढा रस. माघाच्या थंडीत गुऱ्हाळ लागे, काहिलीत रस उकळे, भेंडीच्या चिकाने मळी निघे आणि वर्षाची ढेप घरात येई. ती पुरवून पुरवून खावयाची. पांढरी साखर तर औषधाच्या डबीतली वस्तू. शर्करा हा शब्द आपण जगाला दिला, फारसीतील शकर आणि युरोपातील तिची सारी नावे त्यावरून निघाली, हे खरे. पण ज्या देशाने नाव दिले त्या देशातील सामान्य घरात ती वस्तू सणापुरतीच होती.

हे चित्र पालटले ते अवघ्या शंभर वर्षांत, आणि त्या पालटाचे केंद्र बहुतांशी आमच्या ह्याच दोन जिल्ह्यांत होते. आज ज्याला आपण सांगली जिल्हा म्हणतो तो १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून निघाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले; तेव्हा दोहोंचा इतिहास एकच. १८६० नंतरच्या दशकात कऱ्हाडजवळ खोडशी येथे बंधारा घालून कृष्णेचा कालवा काढण्यात आला आणि वाळव्याकडील शेतात पाणी गेले. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली; तेथील लोखंडी नांगर प्रसिद्धच आहेत, पण तेथे उसाचे लोखंडी चरकही होत असत. रस अधिक निघू लागला, गूळ अधिक झाला, सांगलीच्या पेठेत हळदीच्या पोत्यांशेजारी गुळाची थप्पी वाढली.

साखर मात्र बाहेरून येत होती. तिचे जुने मराठी नावच मोरस, म्हणजे मॉरिशसची. आणि त्या बेटावर ऊस तोडावयास जी हजारो माणसे कराराने बांधून नेली, त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आजही तेथे आपली भाषा आणि सण सांभाळून आहेत. आमची माणसे तिकडे गेली आणि त्यांच्या घामाची साखर आमच्या ताटात आली, असा हा व्यवहार. १९०५ च्या स्वदेशी चळवळीत परदेशी कापडाबरोबर परदेशी साखरही लोकांनी टाकली. ती हाडांच्या कोळशातून गाळून शुद्ध करतात हा आक्षेप त्या वेळी फार गाजला, आणि त्या काळच्या शुद्धीकरणाच्या रीतीत हाडांचा कोळसा वापरीत हे खरेच होते. कित्येक घरांत तेव्हा साखर बंद झाली आणि पुन्हा गूळ आला. मनाने ठरविले, आणि चार घरांनी मिळून ठरविले, तर जिभेची सवय मोडते, ह्याचा तो एक पुरावा होय.

१९३२ साली सरकारने देशी साखरधंद्याला संरक्षण दिले. त्या वेळी देशात कारखाने तीसेक होते. पाच-सहा वर्षांत ते सव्वाशेच्या वर गेले. फलटणजवळ कारखान्याभोवती जे गाव उठले त्याचे नावच साखरवाडी पडले, आणि त्याच भागात पाडेगाव येथे उसाचे संशोधनकेंद्र निघाले. पुढे महायुद्ध आले आणि साखर शिधापत्रिकेवर गेली. माझ्या आईच्या तोंडी "रेशनची साखर" हे शब्द शेवटपर्यंत होते. सणाला मिळणारी जादा साखर ती वेगळ्या डब्यात ठेवी. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरला सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले, आणि त्या दशकात तीच वाट वसंतदादा पाटलांनी सांगलीत धरली. कृष्णेच्या दोन्ही तीरांवर उपशाचे पाणी चढले, धुरांडी उभी राहिली. ह्या कारखान्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, कुणब्याच्या पोराला इंजिनिअर केले. त्यांचे हे ऋण ज्याला नाकारावयाचे असेल त्याने माझ्या वर्गातील मुलांची आडनावे एकदा वाचून पाहावीत. २०२१-२२ च्या हंगामात एकट्या महाराष्ट्राने सुमारे १३७ लाख टन साखर केली. आजीच्या डबीतील वस्तू नातवाच्या घरी पोत्याने आली.

पोत्याने आलेली साखर खपली कशात? मुख्यतः चहात. गूळ-पाण्याची जागा चहाने घेतली आणि दिवसाला चार वेळा गोड तोंडात जाऊ लागले. इंग्लंडात हेच दोनशे वर्षे आधी घडले होते. सिडनी मिंट्झ ह्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९८५ साली साखरेच्या इतिहासावर जो ग्रंथ लिहिला त्यात हे चांगले दाखविले आहे: राजेरजवाड्यांच्या मेजवानीतील साखर गिरणीमजुराच्या चहात आली, आणि ज्याच्या पोटात पुरेसे अन्न नाही व ज्याला बसून जेवावयास वेळ नाही त्याचा ती आधार झाली. थकवा, घाई आणि एकटेपणा ह्यांवर मिळणारे सर्वांत स्वस्त सांत्वन म्हणजे साखर, हे इंग्रज मजूर ग्रंथ न वाचताच शिकला होता. आपणही तेच शिकलो. फक्त मजुरीची जागा पुष्कळांच्या बाबतीत खुर्चीने घेतली.

तेव्हा माझ्या बहिणीच्या प्रश्नाचे ऐतिहासिक उत्तर असे आहे. पूर्वी दुःख होते, पण साखर हाताशी नव्हती. आणि दुःखी माणूस एकटाही नसे. आज साखर फडताळात आहे, दुःख खोलीत आहे, आणि दोघांच्या मध्ये कोणी नाही.

वैद्यकाने ह्या जोडीकडे फार पूर्वीपासून पाहिले आहे. चरकाने मधुर रस इंद्रियांना प्रसन्न करणारा म्हणून वाखाणला, आणि त्याच्याच अतिसेवनाने स्थूलता व आळस येतो असेही बजावले. प्रमेहाच्या कारणांत त्याने बैठे सुख आणि झोपेचे सुख ह्यांच्या पंक्तीला गुळाचे पदार्थ बसविले. आणि रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषादाला अग्रस्थान दिले. इंग्लंडात सतराव्या शतकात टॉमस विलिस ह्या वैद्याने मधुमेह्याच्या मूत्राची गोडी नोंदविली आणि दीर्घ दुःखामुळे हा रोग जडतो असे मत दिले. त्याची उपपत्ती आज कोणी जशीच्या तशी मानणार नाही. परंतु मधुमेह्यांमध्ये खिन्नतेचा विकार इतरांच्या सुमारे दुपटीने आढळतो, हे आधुनिक पाहण्यांतून दिसून आले आहे.

ओढ लागते कशी, ह्याविषयी गेल्या चाळीस वर्षांत बराच विचार झाला. १९८४ साली नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थंड देशांत हिवाळ्यात येणाऱ्या खिन्नतेचे वर्णन केले, त्यात गोड आणि पिष्ट पदार्थांची तीव्र इच्छा हे एक लक्षण सांगितले. त्याच दशकात वुर्टमन दांपत्याने असे मांडले की, अशा पदार्थांनी मेंदूतील सेरोटोनिन नावाचे द्रव्य वाढते, म्हणून खिन्न माणूस नकळत स्वतःला औषधच देत असतो. कल्पना मोहक होती. पण ती पुढे निर्विवाद राहिली नाही, कारण जेवणात थोडे डाळ-दूध असले तरी तो परिणाम होत नाही. २००३ साली मेरी डॉलमन ह्यांनी दुसरी बाजू पुढे आणली. चिंता दीर्घकाळ टिकली की कॉर्टिसॉल हा रस शरीरात चढा राहतो, तो गोड व स्निग्ध अन्नाची इच्छा वाढवितो, आणि ते अन्न चिंतेची यंत्रणा काही काळ शांत करते. म्हणजे पेढ्याने मला क्षणभर हलके वाटे तो केवळ भास नव्हता. मात्र तो क्षण फारच आखूड होता, ह्यालाही पुरावा आहे. २०१९ साली एकतीस प्रयोगांचा एकत्र विचार करून संशोधकांनी असा निष्कर्ष काढला की साखरेने मनःस्थिती सुधारल्याचे दिसत नाही. उलट अर्ध्या तासात थकवा वाढतो आणि तासाभरात सावधपणा घटतो. उत्तरपत्रिकांवरील माझ्या त्या अर्ध्या तासाचे मोजमाप कोणी परस्पर करून ठेवले होते, हे वाचून मला हसू आले.

लंडनच्या सरकारी नोकरांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली, ती तर अधिकच विचार करावयास लावणारी आहे. गोड खाणे व पेये ह्यांतून दिवसाला ६७ ग्रॅमहून अधिक साखर घेणाऱ्या पुरुषांत, सर्वांत कमी घेणाऱ्या गटाच्या मानाने, पाच वर्षांनी मनाचे विकार उद्भवण्याचा संभव २३ टक्क्यांनी जास्त आढळला. एका पाहणीवरून निकाल देऊ नये हे खरे. तथापि मनामुळे साखर आणि साखरेमुळे मन, असे चाक फिरत असण्याचा संभव दिसतो, एवढे म्हणावयास हरकत नाही.

आता उपाय. मी वैद्य नाही. म्हणून जे शिकलो तेवढेच सांगतो. पहिली गोष्ट, स्वतःला शिव्या देणे सोडले. लाज ही त्या चाकाचे वंगण आहे. दुसरी, हिशेब ठेवला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचविलेली उत्तम मर्यादा दिवसाला सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे. दोन चमच्यांचे चार चहा झाले की मर्यादा ओलांडलीच. पेढा तर पुढेच राहिला. मी चहातली साखर महिन्याला अर्धा चमचा अशी उतरविली. एकदम तोडली असती तर चौथ्या दिवशी पुडा पुन्हा आला असता. तिसरी, जेवण वेळेवर आणि पोटभर, त्यात उसळ किंवा डाळ हटकून. उपाशी माणसाला आपली भूक कशाची आहे हे ओळखता येत नाही. चौथी, झोप, कारण अपुऱ्या झोपेने भूक, विशेषतः गोडाची, वाढते हे सिद्ध आहे. पाचवी, रात्री ओढ लागली की उठून चालावयास जाणे. एक्झेटरच्या विद्यापीठात केलेल्या एका प्रयोगात पंधरा मिनिटांच्या झपाझप चालण्याने चॉकलेटची इच्छा कमी होते असे आढळले. आयर्विन पुलापर्यंत जाऊन येण्याने पेढ्याची होते, असा माझा अनुभव आहे.

सहावी गोष्ट मी सर्वांत उशिरा केली, आणि ती सर्वांत आधी करावयास हवी होती. मी डॉक्टरांकडे गेलो. रक्तातील साखर तपासून घेतली आणि मनाविषयीही बोललो. आपल्या सुशिक्षित घरांत पहिली गोष्ट सहज होते, दुसरीला जीभ अडखळते. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप-भूक बिघडली, जगण्यात रस उरेनासा झाला, तर ते दुबळेपण समजू नये. त्यावर उपचार आहेत. काही मनोविकारांच्या औषधांनीच गोडाची भूक वाढते. तसे झाल्यास औषध आपल्या मनाने न सोडता डॉक्टरांस सांगावे. सरकारने २०२२ साली टेलि-मानस नावाची दूरध्वनीची सोय केली आहे, तिचा क्रमांक १४४१६. तेथे मराठीतूनही बोलता येते. भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या सुमारे दहा कोटींवर गेल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील किती जणांची खोकी कोणत्या ग्रंथाच्या मागे दडली आहेत, हे कोणी मोजलेले नाही.

आणि सातवी गोष्ट माझ्या बहिणीने केली. परत जाताना तिने मला एक अट घातली: पेढा खावयाचा, पण कोणाला तरी दिल्यावाचून खावयाचा नाही. अट मोठी हिकमती निघाली. पुडा फोडावयाचा तर शेजारी जावे लागे. शेजारी गेले की बसावे लागे. बसले की भाकरी-पिठल्याचा आग्रह होई. पुष्कळदा पेढा तसाच राही आणि मी जेवून घरी येई. तिथी आणि पंगत ह्या दोन जुन्या गोष्टी तिने एका वाक्यात परत आणल्या होत्या. दुःख गेले असे मी म्हणत नाही. ते आहे, आणि असावे. परंतु त्याला आता माणसांची सोबत आहे.

शाहूराजांची गोष्ट मी अजूनही सांगतो. औरंगजेबाच्या त्या निरोपाकडे आता मी अधिक लक्ष देतो. तू कैदेत नाहीस, आपल्या घरीच आहेस, जेवत जा. कैद करणाऱ्याच्या तोंडी ते वाक्य खोटे होते, आणि राजांनी ते खोटे म्हणून ओळखले. पण शब्द चांगले होते. तेच शब्द शेजारच्या वहिनींनी दारातून हाक मारून म्हटले, "भाऊजी, पाने घेतली आहेत, या जेवायला," तेव्हा ते खरे झाले.